गाव वाढावं, पण ओळखू यावं



आपल्या या पत्रिकेत नेहमी लागणीच्या तारखा येतात, खोडव्याची निगा येते, खताचे हप्ते येतात, गाळपाचे आणि उताऱ्याचे आकडे येतात. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे, पण तो आपल्या बांधापासून फार लांबचा नाही. विषय आहे आपल्या गावाच्या रूपाचा.

ऊस तोडला की खोडवा फुटतो. वाडा पाडला, वड तोडला, ओढा बुजवला, वेस उतरवली, तर त्याला खोडवा फुटत नाही. एकदा गेलं ते गेलं. म्हणून हा विषय पुढच्या हंगामावर ढकलण्याचा नाही.

उसाचं बिल हातात आलं की घरातला पहिला विचार घराचाच होतो, आणि तो रास्त आहे. बापाने गळक्या छपराखाली दिवस काढले, लेकाने स्लॅब टाकला, यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. या लेखाचा रोख नव्या घरांवर नाहीच. रोख आहे तो एवढ्यावर की, गावोगाव एकाच नमुन्याची घरं, एकाच नमुन्याची कमान, चौथऱ्याला एकाच नमुन्याची चकचकीत फरशी असं होत चाललं तर उद्या आपल्या नातवाला एसटीतून उतरल्यावर पाटी वाचल्याशिवाय कळणार नाही की आपण कुठल्या गावात उतरलो.

पांढरी आणि काळी

आपल्या वाडवडिलांनी गावाचे दोन भाग मानले होते. जिच्यावर घरं उभी राहतात ती पांढरी आणि जी पिकते ती काळी. हे शब्द शहाण्यासुरत्यांनी पुस्तकात बसून काढलेले नाहीत. मातीकडे बघूनच पडलेले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंती यांचे थर साचून गावठाणाची माती पांढुरकी होते, म्हणून ती पांढरी.

या पांढरीचं वय किती असतं? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे केले. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. घरं मिळाली, चुली मिळाल्या, धान्य साठवायच्या जागा मिळाल्या, आणि पुराचं पाणी वळवून नेण्यासाठी घातलेला बांध व पाटही मिळाला. म्हणजे पाटपाणी हे आपल्याकडे काही धरणांबरोबर आलेलं नाही. अशी कितीतरी टेकाडं मात्र शास्त्रज्ञ पोचायच्या आधीच गेली. पांढरीची माती खताला चांगली, म्हणून गाड्या भरभरून ती शेतात ओढली गेली. त्यात दोष कुणाचा नाही, कारण ते काय आहे हे सांगणारंच कुणी नव्हतं. आज मात्र ठाऊक झालं आहे.

पांढरी आणि काळी यांना जोडणाऱ्या गोष्टी म्हणजे गावाच्या नसा. पाणंद, ओढा, गायरान, पाणवठा, पार, वेस. गावाचं रूप म्हणताना फक्त जुना वाडा किंवा देऊळ डोळ्यांपुढे आणायचं नाही, तर हे सगळं मिळून आणायचं. वाडा ठेवला आणि त्याच्या अंगाला लागून चार मजली इमारत उठवली, घाट ठेवला आणि समोरच्या काठावर कचऱ्याचा ढीग टाकला, तर वाडाही राहिला नाही आणि घाटही राहिला नाही.

लिंबची विहीर : शेतकऱ्यासाठी बांधलेला महाल

सातारा जिल्ह्यातले लिंब गाव बऱ्याच सभासदांना ठाऊक असेल. पुण्याहून साताऱ्याकडे येताना महामार्गापासून थोडे आत आहे. तिथली बारामोटेची विहीर बघायला आता लांबून लोक येतात. ती छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात हे काम झाल्याचा शिलालेख तिथेच आहे. पाच वर्षांचं काम, आणि आज त्याला तीनशे वर्षं झाली.

मुख्य विहीर अष्टकोनी, सुमारे पन्नास फूट व्यासाची आणि शंभर फुटांहून खोल. तिला लागून दुसरी चौकोनी विहीर. दोन्हींच्या मध्ये दगडी महाल. पायऱ्या उतरून आत गेलं की बाहेरचं ऊन बाहेरच राहतं. खांबांवर कोरीव काम आहे, भिंतींवर सिंह आणि हत्ती कोरलेले आहेत. पण आपल्यासारख्या माणसाने बघायचं ते वर, काठावर. तिथे मोटांची ठिकाणं आहेत. नाव बारामोटेची असलं तरी पंधरा मोटा चालतील इतकी सोय केलेली आहे. हे सगळं आमराई भिजवण्यासाठी.

ज्यांनी मोट पाहिली नाही अशा तरुण सभासदांसाठी थोडं सांगायला हवं. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड असलेली. जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोल. बैलं उतरत्या धावेवरून पुढे चालली की भरलेली मोट वर येई, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाला लागे. मग बैलं पाठमोरी मागे यायची आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात. दिवसभर हेच. एका मोटेवर किती जमीन भिजेल, किती बैल लागतील, याचा हिशेब घरच्या पोरालाही तोंडपाठ असे. त्यामुळे पाण्याची किंमत कुणाला वेगळी सांगावी लागत नसे.

आता विचार करा. राजघराण्यातल्या एका बाईने पाच वर्षं खर्चून कलाकुसर कुठे करून घेतली? देवळात नव्हे, दिवाणखान्यात नव्हे, तर शेताच्या पाण्यावर. जिथे मोटकरी राबतो, बैल राबतात, तिथे सिंह-हत्ती कोरले. शेतीच्या कामाला एवढा मान दिलेली जागा आपल्या उसाच्या पट्ट्यात उभी आहे, ही गोष्ट आपण आपल्या पोरांना सांगतो का?

कोयनेची वीज आली, इंजिनं आली, मोटारी आल्या आणि मोटा सुटल्या. बरंच झालं, बैलाचे आणि माणसाचे हाल थांबले. पण मोटेबरोबर विहिरीकडे बघण्याची नजरही सुटली. लिंबच्या विहिरीला नाव होतं, शिलालेख होता, म्हणून तिच्याकडे लक्ष राहिलं. आपापल्या शिवारातल्या बिननावाच्या विहिरींचं काय झालं ते ज्याने त्याने आठवावं. कुठे चिपाडं पडली, कुठे प्लॅस्टिक पडलं, कुठे मेलेलं जनावर टाकलं, कुठे मुरूम भरून वर गाळा काढला. चिऱ्याच्या बांधणीची, पायऱ्या असलेली, देवळीत दिव्याची जागा ठेवलेली विहीर बुजवायला एक दिवस पुरतो. बांधायला आजचे किती लाख लागतील, हे गवंड्याला विचारून बघा. तसा गवंडीच मिळायचा नाही.

शिवाय ही नुसती भावनेची गोष्ट नाही. आपला खडक काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमाड, भेगाळ थरात, आणि जुन्या विहिरी त्याच थरावर जगतात. पावसाचं पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडलं तर तीच विहीर पुनर्भरणाचं साधन होते. बोअर खोल खोल नेत राहिलो तर तो थर आधी कोरडा पडतो. जुनी विहीर साफ ठेवणं म्हणजे आपल्याच उसाची तहान भागवणं होय.

मेणवली : वापर राहिला म्हणून वाडा राहिला

आता वाईकडे वळू. वाईपासून जवळच कृष्णाकाठी मेणवली. औंधच्या प्रतिनिधींनी १७६८ साली हे गाव नाना फडणवीसांना दिले. नानांनी तिथे सहा चौकांचा वाडा बांधला, नदीला घाट बांधला आणि घाटावर देवळे उभी केली. त्यातले मेणेश्वराचे देऊळ प्रसिद्ध आहे. घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. कृष्णेच्या काठी, महादेवाच्या देवळाजवळ, परधर्माची घंटा मान देऊन टांगलेली आहे आणि गावाने ती आपली मानली आहे.

नानांनी जपून ठेवलेले कागद म्हणजे मेणवली दप्तर. पेशवाईच्या उत्तरकाळाचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला. हे सांगण्याचं कारण असं की, आपल्यातही अनेकांच्या माळ्यावर, फडताळात, पत्र्याच्या पेटीत मोडी कागद पडलेले असतात. वतनाचे, पाण्याच्या पाळीचे, बांधाच्या तंट्याचे. वाळवी लागली म्हणून ते चुलीत घालू नका आणि रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. कुणास ठाऊक, तुमच्या गावच्या ओढ्याची मूळ रुंदी त्याच कागदात असेल.

मेणवलीचा वाडा टिकला तो घराण्याने सोडला नाही म्हणून, आणि घाट टिकला तो लोकांनी वापरला म्हणून. पुढे सिनेमावाले आले. २००४ च्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटाचे बरेच चित्रीकरण इथे झाले आणि मेणवलीचा घाट देशभराने पाहिला. मुंबईच्या माणसाला मेणवलीत काय दिसलं? फक्त पायऱ्या नव्हेत. संथ पात्र, पलीकडचा हिरवा काठ, डोक्यावर वडा-पिंपळाची सावली, मागे वाड्याची भिंत, आणि लांब डोंगर. यातली एक वस्तू काढली तरी चित्र मोडतं. आजूबाजूचा परिसर जपणं म्हणजे काय, ते याहून सोपं करून सांगता येणार नाही.

तिथूनच जवळ बावधन आहे. रंगपंचमीला बावधनचं बगाड निघतं. लाकडी अजस्र गाडा, त्याला अनेक बैल जुंपलेले, जोड्या बदलत बदलत तो कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावात येतो. ही यात्रा चालते कशावर? घरोघर अजून बैल सांभाळले जातात त्यावर, गाडा जुळवणाऱ्या सुताराच्या हातावर, बैल चालतील अशा वाटेवर. उद्या बैल गेले, वाट बांधकामात गेली, तर यात्रा उरेल ती फक्त फ्लेक्सच्या फोटोत. गावाचं रूप दगडात असतं तसं ते चालीरीतीत असतं, आणि चालीरीतीला पाय ठेवायला जागा लागते.

उसाच्या पाण्याखाली काय गेलं

एक गोष्ट आपण उसवाल्यांनी विसरू नये. ज्या धरणांच्या पाण्यावर आपले फड डुलतात त्यांच्या पोटात गावं आहेत. कोयनेच्या जलाशयात गेली, धोमच्या जलाशयात गेली. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, तेव्हा इंदापूरकडचं पळसदेव गाव पाण्यात गेलं. तिथलं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ उजनीचं पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं, आणि त्या वर्षी लोक दर्शनाला चिखल तुडवत जातात. दुष्काळाच्या वर्षीच ज्या गावाला आपलं देऊळ दिसतं, त्या गावाचं दुःख आपण पाटाखालच्या लोकांनी ओळखायला हवं.

त्या लोकांनी आपली पांढरी सोडली ती आपल्या काळीला पाणी मिळावं म्हणून. त्यांना निवड नव्हती. आपल्याला आहे. आपलं गाव कोणी बुडवत नाही. आपणच ते एकेक दगड करून उतरवत असलो तर त्याला काय म्हणायचं?

जुनं ते सगळंच सोनं नव्हे

इथे कुणी उठून विचारील, "अहो, जुन्या वाड्यात राहून बघा. अंधारं माजघर, धुराने काळी झालेली चूल, पावसाळ्यात ओल, वर उंदीर. आमच्या आयांनी डोईवर हंडे वाहिले ते काय जपायचं?" विचारणाराचं म्हणणं बरोबर आहे. उजेड, हवा, संडास, नळ, गॅस हे घराघरात यायलाच हवं. जपणुकीच्या नावाखाली बायकांना पुन्हा धुरात बसवायचं नाही.

दुसराही सवाल आहे आणि तो जास्त मोठा आहे. जुन्या गावाच्या रचनेत माणसामाणसांत भिंत होती. एकाची विहीर दुसऱ्याला बंद होती, एकाची वस्ती वेशीबाहेर होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच रचनेविरुद्ध. तेव्हा गावाचं जुनेपण जपायचं म्हणताना ती भिंत जपायची नाही. उलट, जी विहीर एके काळी मोजक्यांची होती ती गावाने मिळून साफ करावी आणि सगळ्यांची म्हणून ठेवावी. दगड जुना राहू दे, रीत नवी होऊ दे. आणि गावाची यादी करताना फक्त पाटलाचा वाडा आणि मोठं देऊळ मोजू नये. समाजमंदिराजवळचं जुनं झाड, धनगरवाड्यातला थळोबा, दर्गा, मसणवाटेतल्या समाध्या, वडारांनी फोडलेल्या चिऱ्यांचा बंधारा, हेही गावच आहे.

चुन्यात गूळ पडतो

दुरुस्तीबद्दल एक कामाची गोष्ट. जुन्या बांधकामाला घाईने सिमेंट लावू नये. हे गवंड्यांनाही नीट सांगावं लागतं. दगड-चुन्याची किंवा दगड-मातीची भिंत श्वास घेते. तिच्यात शिरलेली ओल चुन्यावाटे बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात, मऊ दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि भिंत वरून गुळगुळीत दिसत असताना आतून खचत जाते. देवळाला ऑइलपेंट फासण्याचंही तेच. रंग चढतो, कोरीव काम बुजतं, दगड घुसमटतो.

जुने लोक चुना घाणीत बैल लावून मळत. त्यात वाळू, आणि चिकटपणासाठी गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालत. गुळामुळे चुना सावकाश आवळतो आणि काम मळून घ्यायला वेळ मिळतो. म्हणजे वाडवडिलांच्या भिंतीतही आपल्या उसाचा वाटा आहे! आज चुन्याचं काम जाणणारे कारागीर कमी उरले आहेत. पण जे आहेत त्यांना काम दिलं तरच त्यांचा पोरगा ते शिकेल.

घर राहतं ठेवूनही सुधारता येतं. पुढची ओसरी, दारावरची गणेशपट्टी, सागवानी खांब, दगडी जोतं ठेवावं. मागे परसात नवं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढावं. कौलं उतरवून पत्रा मारण्याआधी वासे तपासावे. बरेचदा दोनचार वासे आणि पन्नासशंभर कौलं बदलली की काम भागतं. आणि पाडायचंच ठरलं तर निदान फोटो काढा, मापं घ्या, जोत्याचा चिरा नव्या घराच्या पायरीला तरी लावा.

कायदा कुठवर पुरतो

कायदे आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम मना केलं आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर परवानगीचं बंधन घातलं. राज्याचा स्वतःचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात गावठाणातल्या बांधकामावर पंचायतीच्या परवानगीची तरतूद आहे.

पण यादीतली स्मारकं मोजकी. आपल्या गावची बारव, वेस, पार, पाणंद बहुतेक वेळा कुठल्याच यादीत नसते. तिचा वाली सरकार नाही, गावच आहे. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यातल्या परागपूरला १९९७ साली राज्य सरकारने वारसा-गाव म्हणून जाहीर केलं. तिथे मान एका इमारतीला मिळाला नाही. फरसबंद गल्ल्या, जुनी घरं आणि मधला तलाव धरून अख्ख्या गावाला मिळाला. आपल्याकडे महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारचं उदाहरण वेगळं आहे. स्ट्रॉबेरी पिकवणारं ते गाव २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपल्या ओसऱ्या, खोल्या वाचकांना खुल्या केल्या. त्यासाठी गावावर नांगर फिरवावा लागला नाही. आहे त्याच घराला नवं काम मिळालं. वापर असला की वास्तू राहते, हा मेणवलीचाच धडा तिथेही दिसतो.

२०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली आणि मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. ही चांगली संधी आहे आणि धोकाही आहे. हद्द कायम होताना बोळ, पार, आड, सार्वजनिक चौक यांची नोंद सार्वजनिक म्हणून नीट झाली तर त्या जागा पुढेही राहतील. त्या वेळी गाव गप्प बसलं तर शेजारचा जोता दोन हात पुढे येतो आणि बोळ कागदावरूनही जातो. आपल्या गावची पत्रकं अजून निघायची असतील तर आत्ताच लक्ष घाला.

एका सरीसाठी

सगळ्यात कठीण गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती आपल्याच फडातली आहे. पाणंद कशाने अरुंद झाली? दोन्ही बाजूंनी एकेक सरी आत आल्याने. ओढा कशाने वळला? काठावर चार गुंठे जास्त लागण करण्यासाठी भराव टाकल्याने. बांधावरचा आंबा कशाने वाळला? पाचट पेटवताना त्याच्या बुंध्याला आच लागल्याने. गावची वेस कशाने उतरवली? भरलेली ट्रॉली आतून जात नाही म्हणून.

एका सरीत ऊस किती निघतो आणि पाणंद बंद झाल्याने काय तोटा होतो, याचा हिशेब एकदा मांडा. तोडणीची टोळी फडात उभी, ट्रॅक्टर बांधाबाहेर उभा, शेजाऱ्याशी भांडण, ऊस वाळतोय आणि वजन घटतंय. बुजवलेला ओढा एका जोरकस पावसात आपली जुनी वाट शोधतो आणि लागणीसकट माती घेऊन जातो. म्हणजे गावाचं रूप मोडण्याची किंमत आपण वजनकाट्यावरच मोजत असतो, फक्त ती वेगळ्या नावाने कापली जाते.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक गावच्या सभासदांनी मनावर घ्याव्यात.

१. गावातल्या जुन्या जागांची यादी करावी. विहिरी, आड, बारव, वेस, पार, वीरगळ, जुनी झाडं, पाणंदी, ओढे. शाळेच्या पोरांना बरोबर घ्यावं, म्हाताऱ्या माणसांकडून नावं विचारून घ्यावीत. शेताशिवाराची जुनी नावं याच पिढीबरोबर जाणार आहेत.

२. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा, आणि झाडं-ओढे-गायरान जैवविविधता नोंदवहीत घालावेत.

३. ऊस वाहतुकीचा रस्ता गावठाणाबाहेरून काढावा. वेशीला हात न लावता ट्रॉली जाऊ शकते. त्यासाठी चार शेतकऱ्यांनी मिळून वाट सोडावी लागते, एवढंच.

४. पाचट पेटवू नये. ते सरीत कुजवावं. जमिनीलाही बरं, बांधावरच्या झाडालाही बरं.

५. दरवर्षी उन्हाळ्यात गावाने मिळून एक तरी जुनी विहीर उपसावी, गाळ काढावा, वर जाळी बसवावी.

६. देवळाचा जीर्णोद्धार ठरला तर आधी जुन्या कामाची माहिती असलेल्या जाणत्या माणसाला बोलवावं. वर्गणी जमली म्हणून लगेच पाडकाम काढू नये.

१९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हाही लोक म्हणत होते की कुणब्याला हे जमायचं नाही. एकट्याला जमलं नसतंच. दहा-दहा, वीस-वीस गुंठ्यांच्या धन्यांनी शेअर घेतले आणि सगळ्यांनी मिळून ते जमवलं. पाणंद, ओढा, विहीर, पार यांचंही तसंच आहे. यातलं काहीही एकाच्या सातबाऱ्यावर नाही, आणि म्हणूनच ते आधी मरतं. ज्याला आपण सहकार म्हणतो त्याची खरी परीक्षा वार्षिक सभेत होत नाही; ती सामाईक विहिरीच्या काठावर होते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या चार दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते. त्यातल्या पुढच्या सभेला सभासदांनी आवर्जून जावं, बायकांनीही जावं, आणि नव्या घरकुलांच्या, रस्त्याच्या, गटाराच्या विषयांबरोबर आपल्या गावच्या जुन्या विहिरीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सांगावं. हंगाम चालू असेल तर घरातलं एक माणूस तरी पाठवावं.